फीत कापण्याआधीचे सतरा अभिप्राय

"एकूण सतरा अभिप्राय आले. सतराही चांगले," म्हस्के साहेबांनी वही माझ्यापुढे सरकवली. "आता तुमचं सॅटिस्फॅक्शन लेटर टाइप करायला सांगतो."

मी वहीकडे पाहिलं, मग कोपऱ्यातल्या टेबलाकडे. टेबलावर नवा संगणक होता. मॉनिटरला डाळिंबी रंगाची सॅटिनची फीत बांधलेली होती आणि बरोबर मधोमध तिचं फूल. संगणक येऊन दहा दिवस झाले होते. उद्घाटन व्हायचं होतं, त्यामुळे त्याला कोणी हात लावलेला नव्हता. आणि त्याचा नवा पडदा वापरायला कसा वाटतो, यावर सतरा माणसांनी सही करून मत दिलं होतं.

ही शहाण्णव सालच्या हंगामातली गोष्ट. मी तेव्हा नगरच्या एका छोट्या कॉम्प्युटर कंपनीत सिस्टिम इंजिनिअर होतो. सिस्टिम इंजिनिअर म्हणजे मशीन जिन्यावरून वर चढवायचं, चालू करून द्यायचं आणि बंद पडलं की बोलणी खायची, ही तिन्ही कामं करणारा माणूस. श्रीरामपूरकडचा एक साखर कारखाना माझ्याकडे होता. सोमवारी आणि गुरुवारी मोटारसायकलवर जायचो. म्हस्के साहेब तिथले शेतकी अधिकारी. उसाची नोंद, तोडणी, वाहतूक सगळं त्यांच्या खात्यात.

त्या खात्यात संगणकाचं मोठं काम एकच, तोडणी कार्यक्रम. म्हणजे उद्या कोणत्या गावात कोणाकोणाचा ऊस तोडायचा, त्याची यादी. लागवडीच्या तारखेप्रमाणे नंबर लागतो. यादी छापून गेली की तोडणीची टोळी त्या शेतात उतरते. यादीतून एखादं नाव गळालं तर टोळी पुढच्या गावाला निघून जाते आणि पंधरा-पंधरा दिवस परत फिरकत नाही. तोवर उसाला तुरा येतो, वजन घटतं आणि तो शेतकरी ऑफिसच्या पायरीवर येऊन बसतो. त्याला पायरीवरून उठवणं हे कोणत्याही प्रोग्रॅमला जमत नाही.

ही यादी काढायच्या शोभा गागरे. बेलापूरहून सायकलवर यायच्या. पाच हंगाम झाले तरी हंगामीच होत्या. म्हणजे धुराडं चालू तोवर नोकरी, धुराडं बंद झालं की घरी. खात्यातले एक क्लार्क रिटायर होणार होते आणि त्या जागेवर यंदा शोभाताई कायम होतील, असं सगळेच म्हणत. म्हस्के साहेबही म्हणत. फक्त तीच जागा त्यांनी आपल्या मेव्हण्यालाही कबूल केली होती.

आता त्या पडद्याबद्दल थोडं. जुन्या विंडोजमध्ये पडद्यावर लहान लहान चौकटी असत. एक चौकट दुसरीच्या मागे गेली की शोधत बसावं लागे. नव्या विंडोजनं सगळं घरच हलवलं होतं. खाली एक करडी पट्टी, डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट' लिहिलेलं बटण, उजव्या कोपऱ्यात घड्याळ. बटण दाबलं की सगळ्या कामांची यादी वर उघडायची. चौकट मोठी करायचं आणि बंद करायचं बटणही जागचं हललं होतं. हे शेवटचं वाक्य जरा लक्षात असू द्या.

मग इतका नवा पडदा असताना कोणी हात का लावेना? कारण कारखान्यात कोणतीही नवी वस्तू चेअरमन आण्णांच्या हस्ते उद्घाटन झाल्याशिवाय वापरायची नाही, असा दंडक होता. कोणी लिहून ठेवलेला नव्हता, म्हणून तो कोणाला बदलताही येत नव्हता. मागच्या मार्चमध्ये पिण्याच्या पाण्याचा कूलर आला. आण्णांची तारीख मिळेना. आख्खा उन्हाळा कूलर फीत बांधून दारात उभा राहिला आणि लोक त्याच्या सावलीत माठातलं पाणी पीत. जूनअखेरीस उद्घाटन झालं, तेव्हा सगळ्यांनी पावसात भिजून आल्यावर गार पाणी प्यायलं. तसाच हा संगणक. शिंगणापूरच्या घरासारखा, दार नाही पण न विचारता आत शिरायची कोणाची छाती नाही.

बरं, जुना संगणक तरी होता का? तोही नव्हता. नवा आला त्याच दिवशी एमडी साहेबांनी जुना कारखान्याच्या शाळेला भेट देऊन टाकला. त्याचं मात्र उद्घाटन लगेच झालं, कारण आण्णा त्या दिवशी गावात होते. नव्याच्या जोडण्या होईपर्यंत ते बैठकांसाठी मुंबईला निघून गेले.

एमडी साहेब म्हणजे कार्यकारी संचालक, पगारी माणसांत सर्वांत वरचे. ते पुण्यात दोन दिवसांच्या एका शिबिराला जाऊन आले होते आणि येताना 'युजर फीडबॅक' हा शब्द घेऊन आले होते. त्यांनी परिपत्रक काढलं. नव्या संगणकाच्या पडद्याबाबत वापरकर्त्यांनी आठ दिवसांत लेखी अभिप्राय द्यावेत. खालच्यांपुढे प्रश्न पडला. वापरायचं नाही आणि अभिप्राय तर द्यायचा. त्याहून मोठा प्रश्न, आण्णांचं मत काय आहे ते कळल्याशिवाय आपण काय मत करून घ्यायचं? पहिल्या दोन ओळी आण्णांसाठी कोऱ्या सोडून वही ड्रायव्हरबरोबर मुंबईला पाठवली. आण्णांनी गाडीतच लिहिलं, 'पडदा छान. प्रगतीचे पाऊल.' खाली सही.

मग वही भराभर भरली. म्हस्के साहेब : 'मा. चेअरमन साहेबांशी पूर्ण सहमत.' स्टोअरकीपर : 'रंगसंगती डोळ्यांना गार वाटते.' हे त्यांनी खोक्यावरचं चित्र बघून लिहिलं होतं. इलेक्ट्रिक विभाग : 'आमच्या खात्याचा संबंध येत नाही, तरी सहमत.' सिक्युरिटीचे प्रमुख सगळ्यांत प्रामाणिक. त्यांनी लिहिलं होतं, 'बंद असतानाही रुबाबदार दिसतो.'

"शोभाताईंचा दिसत नाही," मी वही चाळून म्हणालो.

"हंगामींचा घेत नाही आपण," म्हस्के साहेब म्हणाले. "तशी पद्धत नाही."

ते मीटिंगला गेले. काम समाधानकारक आहे असं त्या लेटरवर लिहून मिळाल्याशिवाय आमच्या कंपनीचं बिल निघत नसे. लेटर घेण्याआधी मशीन एकदा तपासावं, म्हणून मी टेबलापाशी गेलो. इंजिनिअरचा हात उद्घाटनात धरत नाहीत. आचाऱ्यानं चव घेतली तर कोणी त्याला जेवण म्हणत नाही, तसं. मी फितीचं टोक धरून जरा ओढलं आणि सगळी गाठ एका हिसक्यात सुटून माझ्या हातात आली. सरकगाठ होती. मी स्वतः दहा दिवसांपूर्वी ती फीत बांधताना पाहिली होती. शिपायानं दात लावून कचकचून गाठ मारली होती.

संगणक चालू केला, स्टार्ट दाबलं. त्या नव्या पडद्यात एक चुगलखोर सोय होती. अलीकडे कोणती कागदपत्रं उघडली, त्याची यादी तो आपणहून दाखवायचा. माझ्यासमोर गावांची नावं आली. बेलापूर, त्याच्या खाली दुसरं, तिसरं. रोजची एक यादी.

मागे वळून पाहिलं. शोभाताई त्यांच्या टेबलावरून माझ्याकडे बघत होत्या.

"ताई, हा कोणी चालवला?"

"मीच."

"रोज?"

"रोज सकाळी सातला. झाडलोट झाली की. नवाच्या आत परत गाठ मारून ठेविते."

"उद्घाटनाआधी कोणी हात लावला तर घरी बसवीन, असं म्हस्के साहेबांनी बजावलंय ना?"

"माझ्यासमोरच बजावलं. आन् त्याच दुपारी मलाच म्हनले, उद्याची यादी टायमात पायजे. जुना संगनक शाळेत गेला. मग यादी काय अंगात आनून सांगू? टोळ्या येऊन बसल्यात, साहेब. ऊस काय फितीसाठी थांबत न्हाई."

"यादी कुठून येते, हे साहेबांनी विचारलं नाही?"

"त्यांना वाटतं, तुमी काढून जाता."

"मी आठवड्यातून दोनदा येतो!"

"ते त्यांनी मोजलं न्हाई," त्या शांतपणे म्हणाल्या. मग जरा हसल्या. "पयली फीत चौथ्या दिवशीच मऊ पडली. आमच्या मालकांचं शिलाईचं दुकान हाय, तिथनं ही आनली. पयली लाल हुती. ही डाळिंबी हाय. कोनाच्या ध्यानात बी आलं न्हाई."

माझ्याही आलं नव्हतं. मी विषय बदलला. "पण पडदा कसा वाटतो?"

त्यांनी ड्रॉवरमधून चाळीस पानी वही काढली. त्या कारखान्यात नव्या पडद्याबद्दल खरोखर काही लिहिलेलं असेल तर ते तेवढंच. खालची पट्टी लई सोयीची, किती कामं उघडी आहेत ते दिसतं. पहिल्यांदा एकच यादी तीनदा उघडली जायची. फाइलला गावाचं पुरं नाव देता येतं, त्यामुळे शोधावं लागत नाही. घड्याळ चांगलं, पण पुढं सगळं ऑफिस वेळ बघायला इथंच येणार. बंद करतानाही स्टार्टच दाबायचं, हे पचायला दोन दिवस लागले. पाचवा मुद्दा त्यांनी लाल पेननं लिहिला होता. सहाव्याचा नुसता आकडा घातलेला होता, कारण दिवस अजून संपला नव्हता.

पाचवा मुद्दा असा. जुन्या पडद्यावर चौकट मोठी करायचं बटण अगदी वरच्या उजव्या कोपऱ्यात असे. नव्यात त्याच जागी फुली आली, आणि फुली म्हणजे बंद. पाच वर्षांची हाताची सवय. यादी मोठी करून बघायला हात कोपऱ्यात जायचा आणि यादी बंद.

"बंद झाली तर 'सेव्ह करू का' असं विचारतं ना?" मी म्हणालो.

"तुमचा प्रोग्राम न्हाई इचारत. दोनदा आख्खं गाव गेलं. तवापास्नं मी आधी वहीत लिहिते, मग संगनकात."

मी करून पाहिलं. खरंच विचारलं नाही. तोडणीचा प्रोग्रॅम आमच्या कंपनीचा होता आणि नव्या विंडोजवर तो बसवायचं काम माझं होतं. फुलीवर प्रश्न विचारायचं माझ्याकडूनच राहून गेलं होतं.

आता खरं सांगतो. मी त्या वेळी काय केलं असेल? मी हळू आवाजात म्हणालो, "ताई, सोमवारी मी नगरहून दुरुस्ती करून आणतो. तोवर कोणाला बोलू नका. लेटरवर सही होऊ दे."

"साहेब, आन् मधी मी नसले तर? दुसऱ्याचा हात बी तिथंच जानार. गाव जाईल यादीतनं."

"चार दिवसांचा प्रश्न आहे. आणि तुमचंही नाव बाहेर येईल. कायम व्हायचंय ना?"

त्यांनी वही मिटली. "बरं," म्हणाल्या. एवढंच. मी फीत बांधायला घेतली तर त्यांनी माझ्या हातातून घेतली आणि दोन बोटांत फूल करून दिलं. सतरा जणांची मतं वाचून मी मघाशी मनातल्या मनात हसलो होतो. अठरावं खोटं मत माझं होतं, फक्त ते वहीत नव्हतं. मला लाज वाटली, पण संध्याकाळी सही झालेलं लेटर मी खिशात घातलं.

आण्णांची तारीख अचानक शनिवारची मिळाली. सोमवारच्या आधी. मी सकाळीच पोचलो. टेबलावर पांढरी चादर, मॉनिटरला झेंडूचा हार, पेढे, फोटोग्राफर. पडद्यावर दुसऱ्या दिवशीची बेलापूर गटाची यादी तयार होती. ती शोभाताईंनी सकाळी टाइप केली होती. अधिकृतरीत्या ती मी केली होती. आण्णांनी बटण दाबायचं, प्रिंटर खरखरणार आणि पहिली यादी त्यांच्या हस्ते बाहेर पडणार, असा कार्यक्रम ठरला होता. त्यामुळे ती सेव्हही करायची नाही, छापायची तर मुळीच नाही, असं म्हस्के साहेबांनी बजावलं होतं. मुहूर्ताची यादी कोरी पाहिजे म्हणे.

आण्णांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. आण्णा बटणाकडे बोट नेणार, तेवढ्यात एमडी साहेब पुढे झाले. "एक मिनिट आण्णा, जरा मोठं करतो. फोटोत दिसलं पाहिजे."

मी "साहेब" म्हणालो, पण बारीक आवाजात. एमडी साहेबांना जुना पडदा येत होता, हीच अडचण होती. त्यांचा हात सरळ वरच्या उजव्या कोपऱ्यात गेला. टिक. यादी नाहीशी झाली आणि मागे हिरवट-निळा रिकामा पडदा राहिला. फोटोग्राफरनं तेवढ्यात फोटो काढला.

"वा!" म्हणून स्टोअरकीपरनी टाळ्या वाजवल्या. त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला.

"हितं यादी हुती ना?" आण्णा म्हणाले. "गेली कुठं?"

"साळवे, परत आणा," म्हस्के साहेब माझ्याकडे वळून म्हणाले.

मी खुर्चीवर बसलो. काय आणणार? चाळीसेक शेतकरी, त्यांचे गट नंबर, लागवडीच्या तारखा. मला त्यातलं एक नाव माहीत नव्हतं. मी उगाच माऊस हलवत राहिलो. खाली टोळ्यांचे मुकादम यादीसाठी उभे होते. त्यांच्यातला एकजण दोनदा जिना चढून बघून गेला.

तेव्हा शोभाताई मागून पुढे आल्या. हातात चाळीस पानी वही. "आण्णा, माझ्याकडं लिहून हाय सगळं. पाऊन तास द्या."

"तू लिहून का ठिवली, बाई?"

"ही अशी जाते म्हनून."

"अशी जाती हे तुला कसं म्हाईत?" आण्णांनी हातातल्या कात्रीकडे पाहिलं. "फीत तर मी आत्ता कापली."

सगळं ऑफिस एकदम चपलांकडे बघायला लागलं. शोभाताईंचा चेहरा उतरला होता, पण आवाज सरळ होता. "आधी दोनदा गेलीय, आण्णा. संगनक आला तवापास्नं रोजची यादी मीच काढते. साहेबांनी मनाई केली हुती. मी ऐकलं न्हाई."

मग मला बोलावंच लागलं. "आण्णा, चूक आमच्या प्रोग्रॅमची आहे. माझीच. ताईंनी गुरुवारी दाखवली होती. मीच त्यांना गप्प बसायला सांगितलं." हे मी दोन मिनिटं आधी बोललो असतो तर बरं झालं असतं. त्यांच्यानंतर बोललो, हे मला आजही सलतं.

"ती अभिप्रायाची वही आना," आण्णा म्हणाले. उभ्याउभ्या सगळी वाचली. सिक्युरिटीच्या प्रमुखांपाशी थांबले. "हे तेवढं खरं लिवलंय." मग बोट वर वर नेत पहिल्या ओळीपाशी आले.

"ही सही कोनाची?"

"आपलीच, आण्णा," म्हस्के साहेब म्हणाले.

"हं." वही मिटली. "आन् हिचा अभिप्राय कुठाय?"

"हंगामींचा घेत नाही, आण्णा."

"मग कायमवाल्यांनी काय उजेड पाडला?" आण्णा म्हणाले आणि खुर्ची ओढून शोभाताईंना बसायला खूण केली. पाऊण तासात यादी तयार झाली. त्या मधे मधे सेव्ह करत होत्या. मुकादम यादी घेऊन गेले, पेढ्यांसकट.

दुपारी एमडी साहेबांच्या केबिनमध्ये खरा पेच पडला. बाईंवर कारवाई करायची तर कारण लिहावं लागणार, की उद्घाटनाआधी संगणकाचा वापर झाला. म्हणजे आण्णांनी वापरातल्या वस्तूची फीत कापली, हे कागदावर येणार. शिवाय रिकाम्या पडद्यासमोरचा तो फोटो. एमडी साहेब कागदात हुशार. त्यांनी तोडगा काढला. उद्घाटनाआधीचा सगळा वापर 'चाचणी' समजावा. पण चाचणीला नेमलेला ऑपरेटर लागतो. हंगामी माणसाला चाचणीवर नेमता येत नाही, असा नियम निघाला. मग संगणक आला त्याच्या आदल्या दिवसाची तारीख टाकून शोभाताईंच्या कायम नेमणुकीची ऑर्डर टाइप झाली. टाइप करायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून ती त्यांनीच केली. पाच हंगामांच्या कामानं जे झालं नव्हतं, ते कारखान्यानं एका फितीची अब्रू राखायला केलं. मेव्हण्यांचं पुढं काय झालं, ते मी विचारलं नाही.

शोभाताईंचे सहा मुद्दे अभिप्रायाच्या वहीत डकवले गेले. सहावा त्यांनी शनिवारी लिहिला होता. उद्घाटनाला ठेवलेली वस्तू आधी चालवून बघावी. आण्णांनी खाली लिहिलं, 'बरोबर आहे.' सोमवारी मी दुरुस्ती घेऊन गेलो तेव्हा वही पुन्हा भरली होती. सोळाच्या सोळा जणांनी खाली 'सहमत' लिहिलं होतं. स्टोअरकीपरनी एक ओळ जास्त घातली होती. 'कोपऱ्यातील बटणाबाबत माझे पहिल्यापासून हेच मत होते.'

लेटर मी परत दिलं. आमच्या कंपनीच्या साहेबांनी मला त्यावरून चांगलंच झापलं. प्रोग्रॅम फुली दाबल्यावर विचारायला लागला, त्यानंतरच नवीन लेटर मिळालं. त्यानंतर मी आणखी वीस वर्षं नोकरी केली. पण कोणत्याही ऑफिसात 'नवीन सिस्टिम कशी वाटते?' असं विचारलं नाही. विचारलं की 'छान' येतं. मी विचारायचो, "काल काय गेलं?" आणि ज्याच्या ड्रॉवरमध्ये वही निघेल त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसायचो.

नव्व्याण्णव साली त्याच ऑफिसात गेलो होतो. शोभाताई आता क्लार्कच्या टेबलावर होत्या. कोपऱ्यात नवा रंगीत प्रिंटर आला होता, त्याला फीत बांधलेली. "पुढच्या आठवड्यात आण्णांची तारीख आहे," म्हस्के साहेब म्हणाले. "अजून कोणी हात लावलेला नाही."

मी जवळ जाऊन फितीचं टोक दोन बोटांत धरलं. अलगद सुटलं. शोभाताई टेबलावरून माझ्याकडे बघत होत्या. मी फूल परत बांधून ठेवलं. त्यांच्याइतकं नीट जमलं नाही.